पिवळे, निळे आणि आमचा दादा

बोटी वर ओढून झाल्या, इंजिनं उतरवून घरात आणली, होड्यांवर ताडपत्र्या बांधल्या की आमच्या गावाला फुटबॉल होतो. होतो असंच म्हणायला हवं, ताप होतो तसा. पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद. वर्षभर दर्याशी झोंबणाऱ्या माणसांच्या अंगात रग असतेच, ती जिरवायची कुठे? इतर गावांत ती पत्त्यांत आणि भजनांत जिरते. आमच्याकडे ती भांडणांत जिरते, आणि भांडायला निमित्त हवं म्हणून आम्ही मध्ये एक चेंडू ठेवतो.

गाव रत्नागिरीपासून पाऊण तासावर, खाडीच्या तोंडाशी. मैदान असं नाहीच. वर सगळा जांभा कातळ, तिथे पडलं तर गुडघ्याचं सालपट निघतं. म्हणून खेळायचं खाली पुळणीवर, ओहोटीला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी लांब मागे जातं आणि संध्याकाळी घट्ट ओली वाळू उघडी पडते. सगळे सामने त्याच दिवसांत. दोन्ही टोकांना बांबू रोवून गोल करायचे, आणि भरतीचं पाणी समुद्राकडच्या बांबूला लागलं की सामना संपला. घड्याळाला तिथे कुणी विचारत नाही. जी बाजू पुढे असते ती पाण्याकडे डोळे लावून बसते, मागे असते ती पाण्याला शिव्या घालते.

मी आता रत्नागिरीत राहते, तिथल्या एका शाळेत शिकवते. तरी बंदीचे दिवस आले की अजून नाकात तो वास येतो: ओली जर्सी, अर्धवट सुकलेली जाळी आणि घरातल्या कोपऱ्यात ठेवलेल्या इंजिनाचं डिझेल. लोकांना अशा वासांनी बालपण आठवतं म्हणे, आणि बरं वाटतं. मला आठवतो तो एकच पावसाळा, आणि बरं अजिबात वाटत नाही. मी तेव्हा बारावीत होते. प्रमोददादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. त्या पावसाळ्यानंतर तो गावात राहिला नाही आणि बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. आजपर्यंत.

यंदा जूनमध्ये गावाच्या ग्रुपवर एक निमंत्रण आलं. दोन्ही क्लब एक झाले म्हणे. नवं नाव, नवी जर्सी, वर कोणा इमारत बांधणाऱ्याची जाहिरात. उद्घाटनाच्या सामन्याला 'ज्येष्ठ खेळाडूंचा सत्कार, बाळाशेठ यांच्या शुभहस्ते', आणि त्या ज्येष्ठांत पहिलं नाव आमच्या बाबांचं. निमंत्रणावर दोन हात एकमेकांत गुंफलेले. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की मी वर्गावर जाताना खडू विसरले आणि पोरांना उगाच ओरडले.

का ते कळायला जरा मागे जायला हवं. पूर्वी गावात एकच क्लब होता, पिवळ्या जर्सीचा. तो मच्छीमार सोसायटीतूनच निघालेला. सोसायटीचे सभासद तेच क्लबचे सभासद. बाबा तांडेल, स्वतःच्या लहान होडीचे, आणि क्लबच्या पहिल्या संघाचे कप्तानही. मग मोठ्या जाळ्यांच्या बोटी आल्या, माशांच्या अख्ख्या थव्याला घेरून एका फटक्यात वर ओढणाऱ्या. बाळाशेठने गावात तशी पहिली बोट आणली. लहान होडीवाल्यांच्या जाळ्यात काही येईना. सोसायटीत रणं माजली, कलेक्टर कचेरीवर मोर्चा गेला, निवडणुकीत सोसायटी फुटली आणि सोसायटीबरोबर क्लबही फुटला. बाळाशेठच्या बाजूच्यांनी निळ्या जर्सीचा क्लब काढला. आम्ही पिवळे त्याला 'नवा क्लब' म्हणायचो. तो नवा राहिला, म्हातारा झाला तरी.

तेव्हापासून आमच्या गावात खेळाडू कसा खेळतो हे कुणी पाहिलं नाही. त्याचा आजा कोणत्या बाजूला होता ते पाहिलं. पुळणीवर बायका एका अंगाला बसायच्या, डोक्यावर इरली, प्लॅस्टिक, जे असेल ते. त्यांची मतं पुरुषांहून कडक.

"त्यांचा गोलकीपर? अगो, त्याच्या आज्यान निवडणुकीत एका रात्रीत पार्टी बदललीन. ह्यो काय बॉल धरनार!"

"आनि त्यो उजव्या बाजूचा? मोर्च्याच्या दिवशी पोट दुकतंय म्हनून घरी निजलेला. बग कसा अंग चोरतोय."

खरं तर तो उजव्या बाजूचा पोरगा वाऱ्यासारखा पळायचा. पण ते बोलायची सोय नव्हती. निळ्यांकडेही हेच चालायचं. आमचा एक बचाव करणारा होता, दगडासारखा उभा राहायचा. त्याच्याबद्दल निळे म्हणायचे, ह्याच्या चुलत्याने मोर्च्याच्या वर्गणीत हात मारला, म्हणून हा पोरांना धक्के मारतो. कुठला चुलता, कसली वर्गणी. पण ते ऐकून निळ्यांच्या बायका मान डोलवायच्या. घोषणाही मोर्च्यातल्याच. कलेक्टर कचेरीसमोर दिलेल्या घोषणा आम्ही चेंडू बाहेर गेला की द्यायचो.

या सगळ्याला जगाचं शहाणपण पुरवलं ते विश्रामकाकांनी. ते मालवाहू जहाजांवर होते, बंदरं पाहिलेले, तिकडच्या मैदानांत जाऊन सामने पाहिलेले. बंदीच्या दिवसांत त्यांच्या पडवीत टीव्ही लागायचा आणि परदेशातले सामने बघायला पिवळ्यांची झुंबड व्हायची. काका म्हणायचे, "पोरांनो, खेळ बगू नका, इतिहास बगा." मग सुरू व्हायचं. तो स्पेनमधला पांढऱ्या कपड्यांचा क्लब आहे ना, तो हुकूमशहाचा लाडका. त्याच्या विरोधातला तो आपला. तिथल्या लोकांना स्वतःची भाषा बोलायला बंदी होती, तर ते मैदानात जाऊन बोलायचे. कितपत खरं, कोण जाणे. पण आमच्या वाडीने ते उचललं. आठवड्याभरात निळ्यांच्या वाडीत पांढरी जर्सी दिसू लागली, केवळ आम्हाला खिजवायला.

मला ती पडवी आठवते तेव्हा हसूही येतं आणि तोंडात कडू येतं. कुठल्या लांबच्या देशात कुणाची तोंडं बंद केली म्हणून आमचे लोक मुठी आवळायचे, आणि आमच्याच वाडीच्या बैठकीत कुणी जरा वेगळा सूर लावला तर त्याला वाळीत टाकायचे. दोन्ही कामं तीच माणसं करायची, एकाच संध्याकाळी, एकाच चहावर. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

दादा डाव्या पायाचा होता. डावा पाय म्हणजे काय हे मी शब्दांत सांगू शकत नाही, मला खेळातलं तेवढं कळतही नाही. एवढं ठाऊक आहे की चेंडू त्याच्याकडे गेला की गप्पा मारणाऱ्या बायका गप्प व्हायच्या. पिवळ्यांत तो सगळ्यांचा होता. 'तांडेलांचा पम्या' म्हटलं की म्हाताऱ्यांचे चेहरे उजळायचे. बाबा तर रेषेवर उभे राहून त्याच्याबरोबर पाय हलवायचे. तो वळला की हे वळायचे. आई हसायची, म्हणायची, "बापसाचा जीव पोराच्या पायात."

पण डाव्या पायाने पोट भरत नाही. बाबांच्या होडीवर दोघांना पुरेल एवढं येईना. दादाला इंजिनाची आवड होती, हात चांगला होता. बाळाशेठच्या बोटीला इंजिन सांभाळणारा माणूस हवा होता. दादा गेला. घरात त्यावर एक शब्दही झाला नाही. सप्टेंबरपासून मेपर्यंत तो त्या बोटीवर गेला, तिथला वाटा घरी आला, त्याचा भात आम्ही चौघांनी खाल्ला. बाबांनीही खाल्ला. ज्या जाळ्याविरुद्ध ते मोर्च्यात पुढे होते त्याच जाळ्यातला बांगडा ते डोळे मिटून खायचे. मी त्यांना दोष देत नाही, पोट सगळ्यांनाच असतं.

मग बंदी लागली आणि बाळाशेठने रीत सांगितली: माझ्या बोटीवरचा माणूस माझ्या क्लबात खेळतो. नाही तर पुढच्या हंगामात दुसरी बोट बघ.

दादाने निळी जर्सी घरी आणली त्या दिवशी बाबा जाळं सांधत बसले होते. दादा उंबऱ्यातच थांबला. "बाबा, नुसता खेळ हाय. दोन महिने. नाय खेळलो तर काम जातंय."

बाबांनी मान वर केली नाही. "काम कर. कोन नको म्हनतंय? पन ता फडका माज्या दारात वाळत घालू नको."

आईने ती जर्सी महिनाभर चुलीमागे वाळत घातली. त्या धुराचा वास तिला लागला होता. निळ्यांची पोरं दादाला त्यावरूनही चिडवायची.

ही गोष्ट मला अजून समजलेली नाही. बोट चालली, इंजिन चाललं, त्यातून आलेला भात चालला. दीड वीत कापडाचा रंग चालला नाही. आयुष्य ज्यात जातं ते सगळं माणसं गिळतात आणि खेळात मात्र तत्त्वाला उभी राहतात. कदाचित तिथेच परवडतं म्हणून.

आमच्या वाडीने काही ठराव वगैरे केला नाही. तशी गरज नसते. दुकानात आमच्या आधी इतरांना मिळू लागलं. पाणवठ्यावर मी गेले की बोलणं थांबायचं. सगळ्यात जास्त भोगलं ते आईने. बंदीत ती सुकी मासळी विकायची. खारे बांगडे, सोडे, सुकट यांची भरलेली पाटी घेऊन सकाळी रस्त्यापर्यंत चढून जायची आणि गाडी पकडायची. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. चुंबळ ठेवून वाकायचं आणि दुसरीने हात लावायचा, हे मासळीवालीचं रोजचंच. कितीही भांडण असो, पाटीला हात लावायला कुणी नाही म्हणत नाही. त्या पावसाळ्यात म्हटलं. आई वाकून उभी राहायची आणि बाजूच्या बायका आपापल्या पाट्या उचलून चालू लागायच्या. मी कॉलेजला निघायच्या आधी येईन म्हटलं तर म्हणाली, "तू अभ्यास कर. नायतर तुला पन हेच करायला लागंल." मग ती पाटी आधी दगडांच्या गडग्यावर चढवायची, स्वतः खाली बसायची आणि डोकं खाली सरकवून हळूहळू उठायची. मान लचकली तिची. ती मान अजून पावसात दुखते. यात कुणाचा क्लब जिंकला ते मला कुणीतरी सांगा.

शेवटचा सामना श्रावणात, पौर्णिमेच्या आधी. आमच्याकडे जिंकणाऱ्या क्लबचा कप्तान नारळी पौर्णिमेला मानाचा नारळ दर्याला घालतो, म्हणून त्या सामन्याला अख्खं गाव लोटतं. निळे-पिवळे बरोबरीत होते. पाणी चढत होतं, खालच्या बांबूपासून हातभर उरलेलं. दादा त्या दिवशी नीट खेळत नव्हता. त्याला कुणी चेंडू देत नव्हतं, म्हणून. निळ्यांनाही तो नकोच होता. 'आयुष्यभर पिवळा, आज आपला कसा?' असं त्यांच्यातले मोठे उघड म्हणायचे. बाळाशेठच्या शब्दाखातर त्याला उतरवलेलं. तर कुणाचा तरी पाय लागून चेंडू उडाला तो नेमका दादासमोर, वाळूत साचलेल्या घोट्याएवढ्या पाण्यात. त्याने डावा पाय फिरवला. चेंडू आत गेला आणि पाणी बांबूला लागलं.

दादाने हात वर केले नाहीत. त्याने पहिल्यांदा पाहिलं ते बाबांकडे.

आणि बाबा ओरडले, "गद्दार!"

पहिला आवाज बाबांचा होता. हे आता गावात कुणी कबूल करत नाही, 'पोरं ओरडली, गर्दी होती' असं म्हणतात. मी आईच्या शेजारी उभी होते. पहिला आवाज बाबांचा. मग त्यामागून सगळी पिवळी बाजू, मोर्च्यातल्या ठेक्यात, टाळ्यांवर. ज्या म्हाताऱ्यांनी दादाला अंगाखांद्यावर खेळवलं होतं ते टाळ्या वाजवत होते. निळ्यांनी दादाला खांद्यावर उचललं खरं, पण त्याच संध्याकाळी त्यांच्या पारावरचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं: "बापाच्या क्लबाला घातलान, उद्या आपल्याला घालील." म्हणजे गोल मारूनही तो कुणाचा झाला नाही.

दादा नारळी पौर्णिमेआधीच गेला. आईने डबा बांधून दिला. आधी गुजरातच्या बोटींवर, मग गोव्यात, एका बोटी बांधायच्या यार्डात. तिथेच लग्न केलं, तिथेच मुलगी झाली. आई आणि मी जाऊन येतो. गोव्यात गल्लीगल्लीत फुटबॉल. दादा बघायलाही जात नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "आवाज सहन होत नाय गो." आणि विषय बदलला.

आता या बाकीच्यांचं ऐका. गेल्या काही वर्षांत बाहेरच्या बोटी येऊ लागल्या, भगभगीत दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या. बाळाशेठच्या मोठ्या जाळ्यालाही काही उरेना. ज्याने लहानांचं खाल्लं त्याचं आणखी मोठ्यांनी खाल्लं. मग बाळाशेठला आठवलं की आपणही मच्छीमारच, आणि पिवळ्यांनाही आठवलं की एकी हवी. एकत्र मोर्चा गेला. बाळाशेठचा मुलगा निवडणुकीला उभा राहिला, पिवळ्यांच्या वाडीने त्याला मतं दिली. बाबांनी दिलं. आणि मग क्लब एक करायला कितीसा वेळ लागतो? एका बैठकीत झालं, भजी खात.

सत्काराला मी गेले, आईला घेऊन. मांडव जेटीपाशी, वर पत्रे, खाली चिखल. नवी जर्सी ना निळी ना पिवळी, राखाडीसारखी काहीतरी. बाळाशेठ आता वाकलाय, हात थरथरतात. त्याने बाबांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी त्या संध्याकाळी ठेक्यात टाळ्या वाजवल्या होत्या त्यांपैकी जे जिवंत आहेत तेही वाजवत होते. कुणीतरी माइकवर म्हणालं की झालं गेलं खाडीला मिळालं. खाडीला मिळायला तुमचं गेलं काय होतं, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, आई शेजारी होती. ती मान धरून बसली होती.

घरी आलो. बाबा खुर्चीत बसले, शाल तशीच खांद्यावर, समोर टीव्ही. दर्याचा अंदाज चालला होता. मी म्हटलं, "बाबा, दादाला फोन लावू?"

"कशाला?"

"क्लब एक झाले ना. बाळाशेठच्या गळ्यात पडलात तुम्ही."

"बाळाशेठ पलीकडचा हाय," बाबा म्हणाले, अगदी शांतपणे, मलाच काही समजत नसल्यासारखं. "पयल्यापासना पलीकडचा. पलीकडच्याशी भांडान होतंय नि मिटतंय. त्यात काय? ह्यो आपला होता."

"होता म्हणजे? जिवंत आहे तो!"

बाबा टीव्हीकडे बघू लागले. मला त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण मला ते समजलं, आणि त्याचाच जास्त राग आला. शत्रूला माफ करायला यांना काहीच मोजावं लागत नाही. माफी महाग पडते ती घरच्याला.

मी त्यांच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. आईला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून तो तसाच लावायची सवय आहे. दादाला सगळं सांगितलं. क्लब, मांडव, राखाडी जर्सी, शाल. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हंजे निळं-पिवळं आता नायच?"

"नाही."

मागे यार्डात घण पडत होता. मग अगदी हलक्या आवाजात, "मंग मी येऊ काय गो?"

केस पांढरे झालेला माणूस, मुलीचा बाप, आपल्याच घरी यायला धाकट्या बहिणीची परवानगी मागत होता. आई स्वयंपाकघरातून कधी आली कळलं नाही. तिने माझ्या हातातून फोन घेतला, पण आधी बोलली ती बाबांशी. इतक्या वर्षांत या विषयावर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"तुमी शाल घेतलात ना? मंग मी माजा पोरगा घेतंय." आणि फोनमध्ये म्हणाली, "ये रे बाबू. गनपतीला ये. पोरीला घेऊन ये. आतली खोली झाडून ठेवतंय."

दादा रडत होता की काय, समजलं नाही. मग त्याने विचारलं, "बाबा काय बोलतायत?"

आईने बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाबांनी हात लांब करून रिमोट उचलला. टीव्हीवरचा माणूस सांगत होता की वारा वाढणार आहे, होड्या पाण्यात घालू नका. त्याचा आवाज मोठा होत गेला, आणखी मोठा, इतका की भिंतीवरची फळी हलायला लागली.

"ठेवतो, आये," दादा म्हणाला. "ऐकलं मी."